उर्जा ऐकतच नाही

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात रुपेश बारबोले दरवाज्यांचं काम बघतो. दरवाजा लावल्यावर त्याच्या आणि चौकटीच्या मधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती तशी येत नसेल तर का येत नाही, हे शोधून काढणं त्याच्याकडे. काम किचकट, पण त्याच्या स्वभावाला धरून. घरीसुद्धा जेवणाच्या टेबलावरची ताटं वाकडी दिसली की बोलता बोलता त्याचा हात पुढे होतो आणि ती सरळ करतो. संपदा, त्याची बायको, तेव्हा दुसरीकडे बघून हसू दाबते.

हे वळण त्याला अंबुरे सरांनी लावलं. रुपेश मूळचा बार्शीचा. वडील एस.टी.त ड्रायव्हर, आई दिवसभर शिवणयंत्रावर. मुलाच्या अभ्यासाकडे बघायला दोघांनाही सवड नसे. पाचवीत असताना वडिलांनी त्याला सरांच्या दारात नेऊन उभं केलं. सर शाळेच्या आधी आपल्या व्हरांड्यात मुलांना शिकवायचे. पाढे, शुद्धलेखन, गणितं, पुन्हा पाढे. उशिरा येणाऱ्याने पायरीवर उभं राहायचं. खाडाखोड झाली की ते पान पहिल्यापासून लिहायचं. तिथून रुपेश स्कॉलरशिपला बसला, पुण्यात इंजिनिअर झाला, मास्टर्ससाठी जर्मनीत आला आणि इथलाच होऊन गेला. दर गुरुपौर्णिमेला तो सरांना फोन करतो. सर नसते तर मी कुठे असतो, असं तो दरवेळी म्हणतो, आणि त्यात काही नाटक नसतं.

अशा माणसाच्या पचनी उर्जाची किटा पडेना, यात नवल नव्हतं.

किटा म्हणजे इथली बालवाडी. उर्जा तिसऱ्या वर्षापासून तिथे जात होती आणि आता पाच वर्षांची झाली होती. तिथे वही नाही, फळा नाही, अक्षरओळख नाही. सकाळी गोल करून बसायचं, गाणी म्हणायची, मग ज्याला जे वाटेल ते. कुणी ठोकळे रचतं, कुणी पीठ मळतं, कुणी नुसतंच खिडकीत बसतं. गुरुवारी सगळी फौज द्राक्षमळ्यांच्या वरच्या रानात जायची आणि गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परत यायची. रुपेश तिला आणायला गेला की ठरलेला प्रश्न विचारायचा.

"आज काय शिकलीस?"

"निक्स." म्हणजे काही नाही.

"मग दिवसभर केलं काय?"

"गेश्पील्ट." म्हणजे खेळले. उर्जाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं जर्मनमध्ये. आणि हल्ली तर उत्तरही चटकन यायचं नाही. हाक मारली तर मान वळायची नाही. जेवायला ये, बूट काढ, टीव्ही बंद कर, सगळं तीन-तीनदा सांगावं लागायचं. उर्जा ऐकतच नाही, हे त्या घरातलं रोजचं वाक्य झालं होतं. बार्शीहून आजीचा फोन आला तरी तक्रार तीच. "लाडावलीय," आजी म्हणायची.

त्यात एका शनिवारी क्षितिजकडे जेवण झालं. क्षितिज त्याच कारखान्यात, रंगकामाच्या विभागात. त्याचा मुलगा प्रणव उर्जाच्याच वयाचा, पण तो हाइलब्रोनजवळच्या एका खासगी इंटरनॅशनल शाळेत जायचा. तिथे चौथ्या वर्षापासून वेळापत्रक, बाक, अक्षरं, आकडे, सगळं रीतसर. जेवता जेवता प्रणवने दह्याच्या डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला, आधी जर्मन, मग इंग्लिश. शेजारी उर्जा थालीपिठाला भोकं पाडून त्यातून सगळ्यांकडे बघत होती.

घरी परतताना गाडीतच विषय निघाला.

"पाच वर्षांची झाली ती," रुपेश म्हणाला. "अजून स्वतःचं नाव लिहिता येत नाही."

"तिच्या गटात कुणालाच येत नाही," संपदा म्हणाली. "सहा पूर्ण झाल्यावर शाळेत जातात, तेव्हा शिकतात. आणि तीच मुलं पुढे मोठी होऊन तुझे बॉस होतात ना?"

"त्यांच्या घरी जर्मन बोलतात गं. आपल्या घरी मराठी. म्हणजे आपली मुलगी शर्यतीत मागूनच निघणार. मग तिला जास्त तयारी नको?"

या बोलण्यात तथ्य होतं आणि संपदाला ते कळत होतं. ती म्हणाली, "मला साडेतीन वर्षांची असताना पुण्यात एका शाळेत इंटरव्ह्यूला बसवलं होतं. बाईंनी सफरचंदाचं चित्र दाखवलं. मला ॲपल हा शब्द आठवेना, आणि मी तिथेच फ्रॉक ओला केला. आई अजून ती गोष्ट हसत हसत सांगते. मला नाही येत हसू."

"तुझ्या ओल्या फ्रॉकवरून आपण शाळा ठरवायची का?" रुपेश बोलून गेला. बोलल्याबरोबर त्याला वाटलं, हे नको होतं बोलायला.

पण रुपेश हट्टाला पेटला होता. शेवटी तोड निघाली ती अशी, की प्रणवच्या शाळेत मुलीला आठवडाभर नुसती बसवून बघायची. उर्जा गेली, रडली नाही, कुरकुर केली नाही. शुक्रवारी तिथल्या बाईंनी रुपेशला बाजूला घेतलं. बाई सौम्य होत्या, बोलल्याही सरळ. "गोड मुलगी आहे. पण सूचना पाळत नाही. दोन-तीनदा सांगावं लागतं, मग शेजारच्याचं बघून करते. लक्ष टिकत नाही. तरी सप्टेंबरसाठी आम्ही जागा ठेवतो. वसंतापर्यंत कळवा. तोवर घरी थोडा सराव घ्या."

हे रुपेशच्या वर्मी लागलं. सोमवारपासून घरी अंबुरे सरांचा वर्ग सुरू झाला. ऑफिसातून आला की तो उर्जाला घेऊन टेबलाशी बसायचा. जर्मन अक्षरं म्हणजे कानाला सगळी भावंडंच: बे, डे, गे, पे, टे. तो म्हणायचा डे, ती लिहायची बे. तो म्हणायचा टे, ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि पे काढायची. दोनदा, तीनदा. मग त्याचा आवाज चढायचा. "डेऽ!" आणि उर्जा लगेच बरोबर अक्षर काढायची.

"बघितलंस?" तो संपदाला म्हणायचा. "येतं तिला. दटावल्याशिवाय करायचं नाही, एवढंच."

"दटावून येत असेल तर ते शिकणं आहे का, रुपेश?"

"पण येतंय ना?"

एके दिवशी उर्जाने पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही तळवे टेबलावर पालथे घातले आणि म्हणाली, "बाबा, निख्त श्रायन." ओरडू नका. तिचा आवाज अगदी साधा होता. तो तिथून उठला, गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ आत आला नाही.

किटात वर्षातून एकदा पालकांना बोलावून मुलाच्या वाढीविषयी सविस्तर बोलतात. नोव्हेंबरात त्यांची वेळ आली. उर्जाच्या गटाच्या बाई फ्राऊ वागेनब्लास्ट. मुलं त्यांना नुसतं हाइके म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या, आखूड पांढरे केस, खिशात कायम कुणाचा तरी हातमोजा. आपण मुलीला इथून काढतोय, हे त्यांना कसं सांगायचं, याची वाक्यं रुपेशने येता येता मनात जुळवली होती. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर दोघं बसली. रुपेशचे गुडघे हनुवटीशी आले.

"तर मग," हाइके म्हणाल्या, "आधी मी बोलू का? मला एक गोष्ट तुमच्या कानावर घालायचीय. खरं तर मी दोन आठवडे त्यासाठीच उर्जाकडे नीट लक्ष देऊन बघतेय."

रुपेशला वाटलं, आली तक्रार. ऐकत नाही म्हणणार.

"आम्ही कानगोष्टींचा खेळ खेळतो. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगायचं, त्याने पुढच्याच्या. उर्जापाशी आला की निरोप दरवेळी बदलतो. मुलं हसतात, तीही हसते, खेळच तो आहे. पण मी तिच्या कानात साधा शब्द सांगितला, तरी तेच. मग रानात बघितलं. सुतारपक्षी टकटक करायला लागला की सगळी मुलं वर बघतात. उर्जा आधी मुलांच्या तोंडाकडे बघते आणि मग वर. गोष्ट सांगताना ती नेहमी माझ्या अगदी समोर बसते, बाजूला बसवलं की तिचं चित्त उडतं. मी डॉक्टर नाही. पण मला वाटतं, तिला नीट ऐकू येत नाहीये."

संपदाने रुपेशचा हात धरला.

"पण गेल्या वर्षी तपासणीत कान व्यवस्थित होते," रुपेश म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी चीड होती, ती त्याची त्यालाच ऐकू आली.

"हो, तेव्हा असतीलही. मुलांचं बदलत असतं. आणि एक सांगते, मिस्टर बारबोले. तिचं लक्ष नाही असं मुळीच नाही. गटात तिच्याइतकं लक्ष कुणाचंच नसेल. बाकीची मुलं नुसत्या कानांनी ऐकतात, ही डोळ्यांनी, मानेने, सगळ्या अंगाने ऐकते. दुपारपर्यंत दमून जाते बिचारी."

त्याच्या डोळ्यांपुढे टेबल आलं, पेन्सिल आली, आपल्या तोंडाकडे टक लावून बघणारी मुलगी आली. ओरडल्यावर बरोबर का यायचं, ते त्या बुटक्या खुर्चीत त्याला कळलं. जुळवून आणलेली वाक्यं जागच्या जागी राहिली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याने कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंनी कानात बारीक नळी लावून यंत्रावर रेघ काढली. रेघेला जिथे उंचवटा यायला हवा तिथे ती सपाटच गेली. दोन्ही पडद्यांच्या मागे पाणी साठलं होतं. नाकामागची गाठ वाढलेली, त्यामुळे ते वाहून जायला वाट नव्हती. "पाण्याखाली डोकं बुडवून ऐकल्यासारखं ऐकतेय ती," बाई म्हणाल्या. "लहान मुलांत नेहमी दिसतं. घाबरू नका. थोडे दिवस थांबून बघू. नाही उतरलं तर छोटंसं ऑपरेशन."

ते काही उतरलं नाही. फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलं. सकाळी दवाखान्यात न्यायचं, दुपारी घरी आणायचं, एवढंच. पण उर्जाला आत नेलं तेव्हा रुपेश बंद दारासमोरून हलेना. कॉफीचा कप हातात तसाच राहिला. संपदाने तो काढून घेतला आणि स्वतः पिऊन टाकला. दोघांपैकी कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. गाठ काढली, पडद्यांत मोहरीएवढ्या नळ्या बसवल्या. आतून डॉक्टरीणबाई येऊन "सगळं ठीक" म्हणाल्या, तेव्हा दोघांचा जीव भांड्यात पडला.

घरी जाताना उर्जा मागच्या सीटवर पेंगत होती. एका वळणाआधी रुपेशने इंडिकेटर लावला, तशी ती ताठ बसली.

"बाबा, वास टिक्ट दा?" काय टिकटिकतंय ते?

गाड्यांत आयुष्य घालवणाऱ्या रुपेशला क्षणभर कळेना. मग कळलं. पुढे रेवे या किराणा दुकानाचं पार्किंग होतं, तिथे त्याने गाडी घेतली आणि उभी केली, पण इंडिकेटर तसाच चालू ठेवला. तिघं ते टिकटिक ऐकत बसली. संपदा तोंडाला ओढणी लावून रडत होती. रुपेश समोरच्या काचेकडे बघत होता. उर्जाने पुढे वाकून विचारलं, "डावीकडचा आणि उजवीकडचा वेगळा वाजतो का?" ते मात्र तिने मराठीत विचारलं. त्याने दोन्ही वाजवून दाखवले.

पुढचे दिवस त्या घरात गमतीचे गेले. उर्जाला फ्रिजची घरघर नको वाटायची. फ्लश ओढला की ती कानावर हात ठेवायची. संपदाने स्वयंपाकघरातून हाक मारली की ती दारात येऊन म्हणायची, "आई, मी इथेच आहे." तेव्हा नवराबायकोच्या लक्षात आलं की गेल्या वर्षभरात आपण दोघंही किती मोठ्याने बोलायला लागलो होतो. एकमेकांशीसुद्धा. हळूहळू आवाज खाली आले. गाणी लावली की उर्जा नुसती ऐकत बसायची. अक्षरं तर तिने खेळता खेळता उचलली, कारण आता बे वेगळा होता आणि डे वेगळा होता.

तिकडे खासगी शाळेला उत्तर द्यायची वेळ झाली. सप्टेंबरपासून तिथे बसवायची, की आणखी एक वर्ष किटात ठेवून मग घराजवळच्या सरकारी शाळेत घालायची? ऑक्टोबरचा जन्म, म्हणजे सप्टेंबरात सहा पूर्ण नसणार, म्हणून दुसरा रस्ता नियमात बसत होता. रुपेशला वाटलं होतं, संपदा आता पक्की किटाच्या बाजूने असणार. पण ती म्हणाली, "मला आता तुझ्या शाळेची भीती नाही वाटत. ऐकू येतंय तिला. बाकावर बसायला आवडेलही कदाचित. तू ठरव. माझी खरंच हरकत नाही."

आता तर पंचाईतच झाली. कुणी विरोध केला असता तर रुपेशला भांडता तरी आलं असतं. दोन दिवस तो घोळत राहिला, आणि गुरुपौर्णिमा लांब असताना त्याने बार्शीला फोन लावला. अंबुरे सरांनी ऐंशी ओलांडलेली. आवाज बारीक झालेला, पण शब्द अजून तसेच ठसठशीत. रुपेशने सगळं सांगितलं. कानाचं, दोन शाळांचं, ओरडण्याचंही सांगितलं.

"आता कसं आहे लेकीचं?" सरांनी आधी तेच विचारलं. बरी आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "हे बघ, शिस्त हवीच. मी जन्मभर तेच सांगितलं, आजही सांगीन. पण तू माझ्याकडे आलास तेव्हा दहा वर्षांचा होतास, रुपेश. पाच वर्षांचा असताना तू माझ्याकडे नव्हतास."

"हो, सर."

"तेव्हा तू कुठे होतास? डेपोच्या मागे टायर फिरवत होतास. तुझ्या वडिलांची गाडी लागली की मी बघायचो ना. सगळ्या पोरांत तुझा टायर सरळ जायचा. त्यांना म्हणालो होतो, हा पोरगा मोठा झाला की माझ्याकडे धाडा. धाडलं त्यांनी."

रुपेशला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत आलं होतं की वडिलांनीच विनंती केली असणार. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, विचारायची सोय नव्हती. आपल्या नकळत दोन माणसं आपल्याविषयी एस.टी. स्टँडवर उभं राहून बोलली होती, याचं त्याला फार अप्रूप वाटलं. आणि तो टायर फिरवणारा पोरगा त्याला स्वच्छ आठवला. त्याला कुणी, आज काय शिकलास, असं विचारलेलं मात्र आठवेना.

"मग काय करू, सर?"

"ते तू बघ. बाप तू आहेस. मी जर्मनी पाहिलेली नाही."

उर्जा किटातच राहिली. खासगी शाळेला त्याने आभाराचं पत्र पाठवलं, मनापासून. त्या बाईंनी काही खोटं सांगितलं नव्हतं, त्यांना दिसलं तेवढं त्यांनी सांगितलं होतं. क्षितिजने मात्र नाक मुरडलं. "एक वर्ष हातचं घालवलंस." पूर्वीचा रुपेश असता तर तासभर वाद झाला असता. तो एवढंच म्हणाला, "प्रणवला तिथे आवडतंय ना? मग छान आहे की." आणि खरंच, प्रणव त्या शाळेत खुशीत होता. त्याला बाक आवडायचा, वेळापत्रक आवडायचं, गृहपाठ नसला तर तो मागून घ्यायचा. पोरगा तसाच होता.

रुपेशने आपलं सगळंच सोडलं असंही नाही. रविवारी न्याहारीनंतर तो उर्जाला पाढे म्हणून दाखवतो, कारण तिला त्यांची चाल आवडते. बे एके बे, बे दुणे चार. ती डोलत डोलत म्हणते आणि मधेच जर्मन आकडा घुसडते. तो दुरुस्त करतो, पण त्याच चालीत.

मार्चअखेरीस किटात बागकामाचा शनिवार होता. अशा कामाला रुपेश आजवर कधी गेला नव्हता. दरवेळी संपदाच जायची. या वेळी तो टेप आणि दोरी घेऊन गेला. मुलांसाठी वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या ओल्या काठ्या जमिनीत दोन ओळींत रोवायच्या, वरून वाकवून बांधायच्या, आणि पानं फुटली की हिरवा बोगदा तयार, असा बेत होता. रुपेशने खड्ड्यांमधलं अंतर मोजायला घेतलं, तेव्हा दुसऱ्या मुलाचा बाप, एक धिप्पाड सुतार, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पास्ट शो." म्हणजे बसतंय की, चालेल. रुपेशने आणखी दोन खड्डे मोजले आणि मग टेप खिशात टाकला.

हाइके त्याच्या समोरच्या ओळीत काठ्या वाकवत होत्या. त्याने घरी जर्मनमध्ये चार नीट वाक्यं तयार केली होती, पण तोंड उघडल्यावर निघाली ती वेगळीच.

"त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला आलो होतो की आम्ही मुलीला काढतोय."

"माहितेय मला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या शाळेत आठवडाभर बसून मुलं परत आली की सगळं सांगतात."

"तरी तुम्ही सांगितलंत."

"मग? गुपित ठेवायचं का?" त्यांनी काठी त्याच्याकडे वाकवली. "धरा. घट्ट."

त्याने धरली. "माझ्या मुलीला तुम्ही ऐकलंत, फ्राऊ वागेनब्लास्ट. मी रोज तिच्यासमोर बसत होतो. मला नाही ऐकू आलं. तुमचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही."

हाइकेंनी सुतळीची गाठ मारली, दातांनी तोडली. "आई-बापांना असं काही सांगितलं की खूपजण रागावतात. काही तर महिनोन् महिने डॉक्टरकडे जात नाहीत. तुम्हीही रागावला होतात, मला दिसलं. पण तुमच्या बायकोने सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तुम्ही फोन लावत होतात. मला त्याचं बरं वाटलं. म्हणून आभार मीही मानते."

असं उलटून कुणी आभार मानेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने पुढची काठी उचलली. दोघांनी मिळून ती वाकवली. तिच्यावर बारीक करडे कोंब आले होते, बोटांना मऊ लागत होते. दुपारपर्यंत सगळी ओळ उभी राहिली, जरा तिरपी, एका टोकाला बुटकी. शेवटच्या गाठी मारायच्या बाकी होत्या तेवढ्यात मुलांनी धीर सोडला आणि सगळी एकदम आत घुसली. मोठी माणसं बाहेरून काठ्या धरून उभी राहिली. रुपेशने दोन्ही हातांनी दोन धरल्या होत्या आणि पोरं खालून आरपार पळत होती.